जुळलं

पंख्याचा आवाज आला तेव्हा मला आधी वाटलं, तो खालूनच येतोय. सकाळपासून रस्ता खोदत होते. काँक्रीट फोडणाऱ्या यंत्राची थरथर जिना चढून खिडकीच्या काचेपर्यंत पोचत होती आणि एव्हाना तिची सवयही झाली होती. पण हा आवाज वेगळा होता. सलग, एकसुरी, दमलेल्या माणसानं नाकानं श्वास सोडत राहावं तसा. मग टेबलाला टेकलेल्या कोपराला ऊब जाणवली. लाकूड तापत होतं. वाकून पाहिलं, तर टेबलाखाली कॉम्प्युटरच्या जाळीतून गरम वारा माझ्या घोट्यांवर येत होता. तो काम करत होता. जीव तोडून काम करत होता. तीन वर्षं तो माझ्या पायाशी आहे. उन्हाळ्यात, थंडीत, अंगात ताप असताना, नसताना मी त्याच्याकडून रोज हेच काम करून घेतलंय, आणि त्याचा हा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकत होते. रोज त्याला चाळीस सेकंद लागायचे. मी चहाचा एक घोट घेईपर्यंत पडद्यावर हिरवी ओळ यायची, तिच्याखाली मी एक शब्द लिहायचे आणि पुढच्या पॅकेजकडे वळायचे. आज पाच मिनिटं झाली होती. ओळ नव्हती. नुसता वारा होता.

जिन्यात चपला वाजल्या. माझी ही भाड्याची खोली चष्म्याच्या दुकानावर आहे, आणि दुकानाच्या मालकाला दुपारपर्यंत गिऱ्हाईक नसतं.

"मॅडम, तुमचं इंटरनेट गेलं की राहिलं?"

"बघितलं नाही अजून."

"मग बघूच नका. तोडली वायर मेल्यांनी. मी आधीच सांगितलेलं, बाबांनो, खाली वायर आहे, जपून. तर त्यांच्यातला मोठा म्हणतो, दिसली नाही हो. म्हटलं, ये आत, नंबर काढून देतो." आपल्याच बोलण्यावर तो हसला, दाराच्या चौकटीला टेकला. "संध्याकाळपर्यंत काही येत नाही म्हणतात. आणि तुमचा हा डबा आज केवढ्यानं घोरतोय?"

"काम करतोय."

"का, रोज करत नाही?"

तो खाली गेला. त्याचं हसू जिन्यावरून पायरी पायरी उतरत गेलं. प्रश्न मात्र वरच राहिला. खोलीत, गरम वाऱ्यात, माझ्या घोट्यांशी.

माझं काम कुणाला समजावून सांगायची वेळ आली की मी म्हणते, मी साक्षीदार आहे. लिनक्सवर चालणारी एक सिस्टीम आम्ही काहीजण मिळून सांभाळतो. तिच्यातला प्रत्येक प्रोग्राम मुळात कुणीतरी लिहिलेला मजकूर असतो. वाचता येणारा, चुका काढता येणारा. त्या मजकुरापासून चालणारी वस्तू बांधायला वेळ लागतो, कधी दहा मिनिटं, कधी अख्खा दिवस. सगळ्यांनी आपापल्या घरी बांधत बसायचं तर जगाचं काम थांबेल. म्हणून आमचा सर्व्हर ती एकदाच बांधतो आणि तयार पॅकेज करून ठेवतो. मग कुणाच्याही कॉम्प्युटरवरचा पॅकेज मॅनेजर, म्हणजे हे सगळं आणून बसवणारा प्रोग्राम, सर्व्हरला विचारतो: अमुकतमुक तयार आहे का? असेल तर ते उचलतो, नसेल तर घरी बांधायला घेतो. मजकूर तोच असेल तर कुठंही बांधा, वस्तू शेवटच्या टिंबापर्यंत तीच निघाली पाहिजे, इतकी आम्ही काळजी घेतलेली. पण सर्व्हरनं त्याच मजकुरापासून बांधलं हे कशावरून? त्यासाठी आम्ही दोघं. मी आणि मास्तर. आम्ही दोघांनी, दोन वेगळ्या शहरांत, आपापल्या घरी ते पॅकेज मुळापासून बांधायचं, आपल्या वस्तूचा ठसा काढायचा (चौसष्ट अक्षरांची एक ओळ असते, वस्तूत एक टिंब बदललं तरी ती पार बदलते) आणि तो सर्व्हरच्या ठशाशी ताडून पाहायचा. सारखा असला तर लिहायचं: जुळलं. खाली सही. दोघांचं जुळलं आलं की पॅकेज जगात जातं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी फेरतपासणीला परत आमच्यापुढे येतं. तीन वर्षांत मी किती वेळा जुळलं लिहिलं असेल? चौदाशे. पंधराशे. एकदाही दुसरा शब्द लिहिला नव्हता. मला वाटायचं, आमची सिस्टीम फार चांगली आहे.

पंखा चालू होता. काय होतंय हे मला त्याच वेळी कळलं होतं, पण माणूस कळलेलं लगेच आत घेत नाही, उंबऱ्यावर उभं करून ठेवतो. मी खिडकी उघडली, बंद केली. हात धुतले. नळाचं पाणी थंडगार लागलं आणि उगाच लहानपणची सकाळ आठवली, वसतिगृहातली, तोंड धुताना बोटं बधिर व्हायची ती. त्या वर्षी बाबा आजारी होते आणि माझी शेवटची परीक्षा होती. ताई दर आठवड्याला पत्र लिहायची. आमच्यात चौदा वर्षांचं अंतर. आई गेल्यावर तिनंच मला न्हाऊमाखू घातलं, तिनंच शाळेत सोडलं, तिनंच शिकायला लांब पाठवलं. तिचं अक्षर गोल, ठळक, ओळी सरळ. बाबा बरे आहेत. आज खुर्चीत बसले होते. तुझी आठवण काढत होते. मी पत्र वाचायचे, उशीखाली ठेवायचे, गाढ झोपायचे. सव्वीस पत्रं. परीक्षा संपवून घरी आले तर बाबांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. पाच महिने झाले होते त्यांना जाऊन. ताई म्हणाली, "तुझं वर्ष वाया गेलं असतं, बारके." मी तिच्याशी भांडले नाही. मला रडूसुद्धा वेळेवर आलं नाही. मला फक्त एवढंच सुचत राहिलं की ती खुर्ची पाहायला मी एकदाही आले नाही, एका दिवसाचा तर प्रवास होता, आणि पत्रं किती छान होती. तयार सुख घरपोच येत होतं. कोण मरायला उठून बघायला जातं.

सत्तर मिनिटांनी पंखा थांबला. खोली एकदम मोठी झाली. पडद्यावर ओळ आली ती तांबडी होती.

आज फेरतपासणीला मोजणीचं पॅकेज होतं. मी त्याचे दोन्ही ठसे एकाखाली एक ठेवले. सर्व्हरचा वर, माझा खाली. पहिलं अक्षर वेगळं, दुसरं वेगळं. ठसे थोडेसे वेगळे कधी नसतातच. एक टिंब हललं की सगळी ओळ परकी होते. तरीही मी चौसष्टच्या चौसष्ट अक्षरांवर बोट फिरवलं, मध्ये कुठं ओळखीचं कुणी भेटेल असं वाटून. कुणी भेटलं नाही. मग मी पॅकेज मॅनेजरच्या सेटिंगची फाइल उघडली. तीन वर्षांपूर्वी जुना कॉम्प्युटर मोडीत काढून हा आणला तेव्हा मी माझी जुनी फाइल जशीच्या तशी इकडं टाकली होती. त्यात माझ्या हातची ओळ होती: तयार पॅकेज घेऊ नको, सगळं घरी बांध. ती ओळ अजून तिथंच होती. पण मधल्या काळात पॅकेज मॅनेजर नवा झाला होता, त्या सेटिंगचं नाव बदललं होतं, आणि ओळखीचं नाव दिसलं नाही की तो ती ओळ गुपचूप सोडून देतो, तक्रार करत नाही. ओळ न सांगितल्यासारखी झाली की त्याचा मूळ स्वभाव वर येतो: तयार मिळत असेल तर तयारच घे. म्हणजे तीन वर्षं मी म्हणायचे, बांध. तो सर्व्हरकडं जायचा, तिथलं तयार पॅकेज आणायचा, माझ्यापुढं ठेवायचा. आणि मी त्याचा ठसा काढून सर्व्हरच्या ठशाशी ताडून पाहायचे. त्याचा त्याच्याशी. चाळीस सेकंद ते आणायला लागायचे. आज वायर तुटली, आणायला वाट उरली नाही, मूळ मजकूर आणि सर्व्हरचा ठसा तेवढे कालच उतरवून ठेवलेले होते, म्हणून बिचाऱ्यानं पहिल्यांदा बांधलं.

आरशासमोर उभं राहून दुसऱ्या कुणाची ओळख पटवावी, तसं मी पंधराशे वेळा केलं होतं.

मास्तरांना फोन लावला. मास्तर म्हणजे पूर्वीचे गणिताचे शिक्षक. हे काम मला त्यांनी शिकवलं, फोनवरून, आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. त्यांचा आवाज नेहमी फळ्यासमोर उभा असतो.

"बोल बाळ."

"मास्तर, मागच्या महिन्यातलं ते मोजणीचं पॅकेज. ते तुम्ही घरी बांधलं होतं ना?"

तिकडं कप बशीवर ठेवल्याचं ऐकू आलं.

"का गं?"

"सांगा ना."

"आता तुझ्याशी काय खोटं बोलू. डोळ्याचं ऑपरेशन झालं ना माझं, तेव्हापासून पडद्यापुढं फार बसवत नाही. तुझं जुळलं आलं, की मी माझं लिहितो. वर्ष झालं असेल. तू एवढी काटेकोर. तुझ्यामागं मी आणखी काय पाहायचं?"

"मास्तर, मी पाहिलेलंच नाही."

मी सगळं सांगितलं. त्यांनी एकदाही मध्ये विचारलं नाही, आणि ते मध्ये विचारणारे गृहस्थ आहेत. शेवटी म्हणाले, "मग पाहिलंय कुणी?" आणि तो प्रश्न त्यांनी मला विचारला नव्हता, हे त्यांच्या श्वासावरून कळलं. म्हातारा माणूस अंधारात भिंत चाचपतो तसा त्यांनी तो बाहेर टाकला होता.

सर्व्हरचं पॅकेज मी मागच्या वेळी वेगळं काढून ठेवलेलं होतं. माझंही आता होतं. मी दोन्ही उघडून शेजारी शेजारी लावली. सर्व्हरचं दोनशे बारा बाइटनं मोठं होतं. दोनशे बारा बाइट म्हणजे काही नाही. एका पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर. कधी बांधणारा कॉम्प्युटर स्वतःची तारीख आत लिहून जातो, कधी फोल्डरचं नाव राहून जातं. पण तारखेला एवढी जागा लागत नाही, आणि ही वाढ अगदी मधोमध होती, गुणाकाराच्या पोटात. त्या पॅकेजचं कामच तेवढं आहे: एवढ्या वेगानं, एवढा वेळ, म्हणजे एकूण किती. ते नळाच्या मीटरमध्ये असतं, रंग मिसळणाऱ्या यंत्रात असतं. आणि ताईच्या मशीनमध्ये असतं. हे मी कधी विसरलेच नव्हते. मुद्दाम आठवलं नव्हतं इतकंच. उपचार केंद्रात तिची खुर्ची पाचवी. आठवड्यातून तीनदा ती तिथं चार तास बसते. दंडातून दोन नळ्या जातात, रक्त मशीनमध्ये फिरून स्वच्छ होऊन परत येतं, आणि अंगात साठलेलं पाणी मशीन मोजून काढून घेतं. एवढ्या वेगानं, एवढा वेळ. नवीन पडदे बसवले तेव्हा मी खुर्चीमागं वाकून पाहिलं होतं, आमच्याच सिस्टीमचं नाव होतं. मी ताईला म्हटलं होतं, "बघ, तुझ्या मशीनमध्ये मी आहे." ती सगळ्या नर्सना सांगत सुटली होती. आमची बारकी आत बसून बघते सगळं.

बारा वाजून गेले होते. ती अकराला बसते.

"ताई, कशी आहेस?"

"बरी आहे. तू जेवलीस?"

हे उत्तर मी किती वर्षं घेतेय. फोन केला, बरी आहे आलं, फोन ठेवला. आज मी ठेवला नाही.

"बरी म्हणजे कशी? पाय कसे आहेत?"

"पायांचं काय विचारतेस मध्येच? आहेत दोन्ही."

"ताई."

"अगं वळतात जरा. पोटऱ्यांत गोळे येतात. ह्या वयात नाही येणार तर कधी येणार? तुझ्या वयात मी..."

"कधीपासून?"

मागं बायकांची कुजबुज, बुटांची चरचर, आणि मशीनचा तो घुमणारा मऊ आवाज येत होता, खूप मोठं मांजर झोपल्यासारखा.

"महिना झाला. महिना, सव्वा महिना." मग हळू, फोनजवळ तोंड आणून: "तू ओरडणार नसलीस तर सांगते. घरच्या काट्यावर मी रोज वजन करते. इथं यायच्या आधी, घरी गेल्यावर. कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. ह्या मशीनच्या पडद्यावरची पाटी म्हणते दोन किलो पाणी काढलं. माझा काटा म्हणतो अडीच. दर वेळी. कधी पावणेतीन. इथला काटा बिघडलेला पडलाय, म्हणून पाटीवर येतं तेच कागदावर उतरवतात. मी नर्सबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, आजी, काटा बदला. म्हणून बदलला. नवासुद्धा तेच म्हणतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? आत तू आहेस म्हणालीस ना. म्हटलं, आपलाच काटा खोटा असेल."

सव्वा महिना. पॅकेज जगात गेलं त्याला पाच आठवडे झाले होते. ती पेन्सिलीनं आकडे लिहीत होती, कपाटाच्या आत, माझ्यापासून लपवून. आम्हा सगळ्यांत खरी साक्ष देत होती ती एकटी. आणि तिनं स्वतःची साक्ष खोटी ठरवली, कारण माझी होती.

"आज कसं वाटतंय? खरं सांग."

"आज जरा जास्तच आहे," ती म्हणाली. "डोळ्यांपुढं अंधारी येते गं. पण पाटी म्हणते, पाऊणच किलो झालं. अजून अडीच तास."

मी मुकादमांना फोन लावला. आम्ही त्यांना मुकादम म्हणतो, कारण सगळ्यांची कामं वाटून देणं आणि सगळ्यांवर ओरडणं त्यांच्याकडे आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि आधी हसले.

"दोनशे बारा बाइटवरून गावभर बोंब मारायची?"

"मी बांधलं तर जुळत नाही."

"तू कशानं बांधलंस? मजकुरापासून वस्तू बांधणारा तुझा कंपायलर कुठून आलाय?"

"सर्व्हरवरूनच."

"तयारच ना? मग तुझं घरचं तरी घरचं कशावरून? सांग मला." खोदायचं यंत्र पुन्हा सुरू झालं, काच थरथरली, मला वाटलं जमीनच खालून कुणीतरी तयार आणून ठेवलेली आहे. "ऐक. आपण परवा बसू. शांतपणे पाहू. एक पॅकेज मागं घ्यायला माझी सही लागते, आणि मी ती पुराव्याशिवाय देणार नाही."

"माझी बहीण त्या मशीनवर आहे. आत्ता. तिचं पाणी जास्त जातंय."

आता ते हसले नाहीत. "मग केंद्रात फोन कर. उतरवा म्हणावं."

"आणि नाही उतरवलं तर? मी माझी सही रद्द करीन."

"वेडी आहेस का?" त्यांचा आवाज खाली आला, आणि मला त्यांच्या ओरडण्यापेक्षा त्याचीच भीती वाटली. "तुझी सही गेली की तुझं तीन वर्षांतलं सगळं जातं. ती मशीनं दर दहा मिनिटांनी विचारतात, साक्ष शाबूत आहे का. नसली की जागच्या जागी थांबतात. पंप बंद, नळ्यांवरचे चिमटे बंद. बाहेर आलेलं रक्त नळ्यांत अडकतं. ते हातानं फिरवून अंगात परत घालावं लागतं, गोठायच्या आत. तिथं किती खुर्च्या आहेत?"

"बारा."

"आणि नर्स?"

"दोन."

"कर हिशेब," ते म्हणाले.

मी केंद्रात फोन केला. नर्सबाईंनी पाचव्या खुर्चीकडं जाऊन पाहिलं, हे मला त्यांच्या बुटांवरून कळलं. "आजी थोड्या फिकट दिसतात, पण पाटीवर सगळं हिरवं आहे." मी म्हटलं, पाटी चुकीची आहे. त्या म्हणाल्या, "असं कसं म्हणता? तपासून आलेली असते ती." मी म्हटलं, तपासणारी मीच आहे, मी तपासलेलं नाही. त्या अगदी मायेनं, चक्रम नातेवाइकांशी बोलायची सवय असलेल्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही काळजी करू नका. डॉक्टर तीनला येतील. त्यांच्या सांगण्याशिवाय किंवा मशीननं सांगितल्याशिवाय मी काढू शकत नाही हो." त्यांचं काही चुकत नव्हतं. कुणाचंच काही चुकत नव्हतं. मास्तरांनी माझ्यावर विश्वास टाकला, मुकादमांनी आम्हा दोघांवर, नर्सबाईंनी हिरव्या रंगावर, ताईनं माझ्यावर. हात हातात, हात हातात, अशी ती माणसांची साखळी किती सुंदर दिसत होती. आणि तिच्या शेवटच्या टोकाला मी जिला धरलं होतं ती कॉम्प्युटरच्या पायाशी लोंबणारी रिकामी जागा होती.

बारा खुर्च्यांवर कोण कोण बसतं ते मला ठाऊक आहे. तिसरीवर एक शिंपी असतो, तो नळी न हलवता एका हातानं काजं करतो. आठवीवरची बाई ताईला विणकाम शिकवते. त्यांचंही पाणी चाललं असेल, त्यांच्याकडं घरी काटा नसेल. थांबवलं तर बारा जणांचं रक्त नळ्यांत. नाही थांबवलं तर बारा जणांचं पाणी, कुणाला न कळता, पाव पाव किलोनं. एकीकडचं नुकसान माझ्या हातानं होणार होतं आणि दिसणार होतं. दुसरीकडचं पाच आठवडे होत आलं होतं तसं, हिरव्या ओळीखाली, शांतपणे. मला त्या शांततेचा मोह पडला. खोटं कशाला बोलू. मला वाटलं, परवा बसू.

मी ताईला पुन्हा फोन लावला. "ताई, ऐकतेस?"

"हं." हुंकार लांबून आला, तिचा नव्हता इतका लांबून.

"मी इथून मशीन थांबवतेय. सगळीच थांबतील. एकदम ओरडतील, घाबरू नकोस. नर्सबाईंना आत्ताच सांग की रक्त हातानं परत घालावं लागेल. मशीनच्या बाजूला एक दांडा असतो."

"तू थांबवणार?"

"हो."

"मग तुझं काय होईल?"

"काही नाही. सांगायचं होतं ते सांगेन."

"सांग," ती म्हणाली. "बाबांच्या वेळी मला नाही जमलं."

मोबाइलवरून इंटरनेट जोडून मी सह्यांचं पान उघडलं. सही रद्द करताना कारण लिहावं लागतं. मी लिहिलं: गेल्या तीन वर्षांत मी एकही पॅकेज स्वतः बांधून पाहिलेलं नाही. मी जुळलं लिहिलं तेव्हा माझ्यासमोर एकच वस्तू होती. मोजणीचं पॅकेज आज बांधलं, ते जुळत नाही. ज्यांनी ते माझ्या शब्दावर घेतलं त्यांनी काढून टाकावं. खाली बटण होतं. ते इतकं साधं होतं, इतर कुठल्याही पानावरच्या बटणासारखं, की मला पाहून घ्यावंसं वाटलं, हेच ना. हेच होतं.

सात मिनिटं काही झालं नाही. मी फोन कानाला लावून होते. ताई आठवीवरच्या बाईला टाके विचारत होती, तिला उत्तर नीट ऐकू येत नव्हतं, ती परत विचारत होती. मग एक मशीन ओरडलं. मग दुसरं. मग सगळीच, मागंपुढं, एकमेकांना हाका मारल्यासारखी. खुर्ची सरकली, काहीतरी धातूचं पडलं, नर्सबाई कुणालातरी म्हणाल्या, "तिसरी आधी, तिसरी!" आणि मला कळलं की पाचवीपर्यंत यायला त्यांना वेळ लागणार.

"ताई, तो दांडा दिसतो का?"

"दिसतो. हात पोचतोय." तिला धाप लागली होती. "पंपाला लावला. नर्सबाई तिकडूनच म्हणतात, चिमटे सोडलेत, बाणाच्या बाजूनं फिरवा, हळू. पंचेचाळीस फेरे म्हणाल्या. बारके, मला फिरवायचं आणि मोजायचं दोन्ही जमणार नाही. डोक्यात राहत नाहीये. तू मोज."

"मला दिसत नाही ना पण."

"ऐकू येतं की."

मी दुसरा कान हातानं दाबला. बारा मशीनांच्या ओरडण्याखाली, खूप खाली, एक करकर होती. फेरा वर जाताना घासणारी, खाली येताना सुटणारी. मी एक म्हटलं. नुसता श्वास ऐकू आला तेव्हा म्हटलं नाही. करकर आली तेव्हा दोन म्हटलं. मध्ये कुणीतरी रडलं, मध्ये कुणीतरी पाणी मागितलं; करकर बुडायची, आणि तिनं फिरवलं असेलच असं वाटून आकडा माझ्या ओठांवर यायचा, तो मी गिळायचे, पुन्हा ऐकू येईपर्यंत थांबायचे. अठरा. एकोणीस. "किती झाले?" "एकोणीस." "मला तर तीसेक वाटले." "एकोणीसच ऐकू आलेत, ताई." ती हसल्यासारखी झाली. वीस. सव्वीस. फेरे लांब होत चालले, वर जाणारी घासणी वाढत चालली, आम्ही दोघी मिळून ढकलत असल्यासारखा माझा खांदा दुखायला लागला. एकतीस ऐकू आला. बत्तीस अर्धा आला, वर गेला, वरच राहिला.

"ताई."

बाकीची मशीनं ओरडत होती. मी तेहेतीस म्हटलं नाही. मी बत्तीससुद्धा म्हटलं नाही. कान फोनला चिकटवून मी तो दांडा खाली यायची वाट पाहत उभी राहिले.